मॅच थांबत नाही, मूलही थांबत नाही: घरात लहान लेकरं असताना ऑनलाइन खेळणाऱ्यांनी या चुका टाळा

मागच्या थंडीतली गोष्ट. नाशिकमध्ये पाथर्डी फाट्याजवळचं आमचं वन बीएचके, नवरा अंबडच्या कंपनीत सेकंड शिफ्टला, सासूबाई गावी गेलेल्या. दुपारी चारला दीड वर्षाचा धाकटा झोपला, साडेचार वर्षांची थोरली रंगाचं पुस्तक घेऊन बसली आणि मी बीजीएमआयवर, म्हणजे शेवटपर्यंत टिकेल तो जिंकतो अशा मोबाइलवरच्या लढाईच्या खेळात, एरँगेल या नकाशाची मॅच लावली. पंचविसाव्या मिनिटाला नऊ जण उरले होते. तेवढ्यात धाकटा आतल्या खोलीत कुरकुरायला लागला. ते मला ऐकू आलं होतं. 'दोनच मिनिटं' असं मनात म्हणून मी बसून राहिले. थोरली त्याला पलंगावरून उचलायला गेली आणि दोघं खाली आले. त्याच्या कपाळाला टेंगूळ, तिचा ओठ फुटलेला. डॉक्टरांनी तपासून घाबरण्यासारखं काही नाही असं सांगितलं, पण ती दोन मिनिटं माझ्या डोक्यातून गेलेली नाहीत.

त्यानंतर मी खेळणं कायमचं सोडलं नाही. दिवसभर दोन लहान मुलांमागे धावणाऱ्या माणसाला स्वतःचं काहीतरी हवं असतं, आणि मला हा खेळ मनापासून आवडतो. बदललं ते एवढंच की, आता मॅच लावण्याआधी मी स्वतःला एक प्रश्न विचारते: ही मॅच मला या क्षणी अर्धी टाकता येईल का? किती तास खेळावं याची चर्चा सगळीकडे होते. पण घरात पाच वर्षांच्या आतलं मूल असेल, तर तासांच्या आधी हा प्रश्न येतो. आमच्या घरात आणि आमच्या स्क्वॉडमधल्या, म्हणजे एकत्र खेळणाऱ्या टीममधल्या, इतर आईबापांच्या घरात झालेल्या बहुतेक चुकांचं मूळ तिथेच सापडलं.

मॅचची लांबी न मोजता मॅच लावणं

'एकच मॅच खेळते' हे बोलायला सोपं आहे, पण सगळ्या मॅच सारख्या नसतात. एरँगेलचा नकाशा आठ बाय आठ किलोमीटरचा, खेळाडू १००. शेवटपर्यंत टिकलात तर अर्धा तास सहज जातो. लिविक हा दुसरा नकाशा दोन बाय दोनचा, ५२ खेळाडूंचा, पंधरा मिनिटांत आटोपणारा. टीडीएम, म्हणजे दोन टीमची थेट लढत, साधारण दहा मिनिटांची. व्हॅलोरंट या नेमबाजीच्या खेळाची रँक मॅच, म्हणजे जिच्या निकालावर आपले गुण चढतात-उतरतात ती, एका संघाचे १३ राउंड होईपर्यंत चालते, म्हणजे चाळीस मिनिटं धरूनच चाला. तोच खेळ स्पाइक रश या छोट्या प्रकारात दहाएक मिनिटांत संपतो.

आता याच्यासमोर मुलाची दुपारची झोप ठेवा. रोज दीड तास झोपणारं मूलही कुकरच्या शिट्टीने, दाराच्या बेलने किंवा भंगारवाल्याच्या आरोळीने विसाव्या मिनिटाला उठतं. झोपलेल्या मुलाची राखण ही सुद्धा राखणच.

आमचा नियम असा: मॅचची पूर्ण लांबी आणि वर दहा मिनिटं, एवढा वेळ मूल दुसऱ्या जाग्या, मोठ्या माणसाकडे असेल तरच रँक मॅच. घरात एकटी असेन तर अर्धे टाकता येतील असेच खेळ. क्लॅश रोयालची एक झुंज तीन मिनिटांची, जादा वेळ लागला तरी पाचेक मिनिटांत निकाल. ऑनलाइन बुद्धिबळात रोज एक चाल खेळायचा प्रकार असतो. सकाळी चहा उकळताना चाल करायची, समोरच्याची चाल रात्री बघायची. बुद्धिबळाची गोडी मला २०२० मध्ये लागली. तेव्हा ऑनलाइन ऑलिंपियाडमध्ये भारताने रशियासोबत सुवर्णपदक वाटून घेतलं, आणि संघाचा कर्णधार आपल्या नाशिकचा विदित गुजराथी होता. अजूनही दोघंतिघं अनोळखी लोक माझ्याशी असे दिवसाला एक चाल खेळतात आणि त्यात मुलांच्या वाट्याचं काहीच जात नाही.

तरीही मॅच चालू असताना मूल उठलंच तर? खेळाडूला एखाद्या खोलीच्या कोपऱ्यात आडवं टाका, मोबाइल पालथा ठेवा आणि उठा. मॅच चालू असेपर्यंत परत शिरता येतं. नाही जमलं तर गुण जातील, व्हॅलोरंटमध्ये वारंवार सोडलं तर काही काळ खेळता येत नाही. ती किंमत आधीच मान्य करून बसायचं. एका आठवड्यात तीनदा असं झालं, तर मुलाची झोप बिघडलीय म्हणून वैतागू नका. तुम्ही निवडलेली वेळ चुकलीय, ती बदला.

'मी घरातच आहे' यावर विसंबणं

ही चूक सगळ्यात धोक्याची, म्हणून इथे जरा थांबते.

नवरा-बायको दोघंही खेळणारे असले की एकाच स्क्वॉडमध्ये उतरायचा मोह होतो. सुरुवातीला आम्हीही तेच करायचो. दोघंही घरात, मुलं समोर, मग काळजी कसली? पण झोन, म्हणजे खेळातली सुरक्षित जागा, आकसायला लागला की दोघांचेही डोळे पडद्यावर असतात, आणि दोघांनाही वाटतं की दुसऱ्याचं लक्ष आहे. नाशिकच्या थंडीत निम्म्या घरांत सकाळी बादलीत पाणी तापवायचा रॉड लावलेला असतो. बाथरूमचं दार उघडं राहायला आणि रांगतं मूल तिथवर पोचायला एक मिनिट पुरतं. नुसत्या पाण्याची बादलीही कमी नाही. वीतभर पाण्यातही लहान मूल बुडू शकतं, आणि बुडताना ते ओरडत नाही. कानाला हेडफोन असोत वा नसोत, ऐकू येण्यासारखं काही घडतच नाही.

म्हणून आता आमच्याकडे ताबा बोलून दिला-घेतला जातो. 'दोघं तुझ्याकडे,' मी म्हणते. 'हो, माझ्याकडे,' असं उत्तर आल्याशिवाय मी हेडफोन लावत नाही. मान हलवली तर ती धरायची नाही, कारण मान हलवणारा कित्येकदा स्वतःच्या मोबाइलकडे बघून हलवतो. कंपनीत शिफ्ट बदलताना मशीनचा ताबा जसा सांगून देतात तसंच हे, आणि ही युक्ती नवऱ्यानेच कंपनीतून आणली. मुलं जागी असताना दोघांनी एकत्र मॅच खेळायची नाही, हे ठरलेलं. हेडफोन एकाच कानाला. बाहेरचा आवाज बंद करणारे महागडे हेडफोन मुलं झोपल्यावर आणि दुसरा माणूस जागा असतानाच.

एकाचा विरंगुळा, दुसरीचा हलगर्जीपणा

नवरा शिफ्टवरून येऊन तासभर खेळला तर 'दमून आलाय, खेळू द्या'. मी खेळले तर 'लेकरू रडतंय नि ही मोबाइल घेऊन बसलीय'. सासूबाई वाईट नाहीत, माझ्या पोरांना त्यांनीच न्हाऊमाखू घातलंय. पण हे वाक्य मला लागायचं. मग मी लपून खेळायला लागले, आणि ती माझी चूक होती. लपून खेळणारा माणूस ताबा कुणाला देणार? त्याला कुणाला सांगायचंच नसतं.

उपाय साधा निघाला. भिंतीवरच्या कॅलेंडरवर नवऱ्याच्या शिफ्ट आधीपासूनच लिहिलेल्या असायच्या. त्याखाली आम्ही खेळायच्या वेळा लिहायला लागलो, दोघांच्याही. फर्स्ट शिफ्टच्या आठवड्यात तो चारपर्यंत घरी येतो, म्हणून मंगळवार-गुरुवार संध्याकाळचा एक तास माझा. सेकंडच्या आठवड्यात सकाळी त्याचा. नाइटच्या आठवड्यात दिवसा त्याची झोप होणं महत्त्वाचं, म्हणून त्या आठवड्यात रँक मॅच दोघांनीही बंद. पंधरा दिवसांत सासूबाईच म्हणाल्या, 'आज गुरुवार ना, जा, मी बघते यांच्याकडे.' लिहिलेल्या वेळेला घरातले मान देतात, चोरून घेतलेल्या वेळेवर भांडण होतं.

स्क्वॉडलाही आधीच सांगून ठेवा: घरात लहान मूल आहे, मी मध्येच जाईन. ज्यांना हे चालत नाही त्यांच्यासोबत रँक चढवायला जाऊ नका. आमच्या स्क्वॉडमधल्या एकाने यावरून कटकट केली, तो गेला. बाकीचे अजून आहेत.

मुलं झोपल्यावर रात्रीतून भरपाई करणं

दहाला मुलं झोपतात आणि आपला दिवस तेव्हा सुरू झाल्यासारखा वाटतो. एक वाजतो, दीड वाजतो. सकाळी सहाला कंपनीची बस, पावणेआठला बालवाडीची रिक्षा. मोठ्या माणसाला सात तास झोप लागते. ती चार तासांवर आली की दुसऱ्या दिवशी सांडलेल्या दुधावरूनही हात उचलावासा वाटतो. माझ्यावर ती वेळ आली होती, म्हणून सांगते.

'अकरापर्यंतच खेळेन' हा नियम टिकत नाही, कारण अकराला तुम्ही मॅचच्या मध्यात असता. मॅच लावायची शेवटची वेळ ठरवा. आमच्याकडे साडेदहानंतर नवी मॅच लागत नाही. शेवटची मॅच हरली तरी हरलेलंच झोपायचं. 'एक जिंकून झोपते' म्हणून लावलेल्या मॅचनेच माझ्या सर्वांत जास्त रात्री खाल्ल्या आहेत.

मांडीवर घेऊन खेळणं

'नुसतं बघतोय, त्याला काय कळतंय' असं आपण म्हणतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचना स्पष्ट आहेत: दोन वर्षांच्या आतल्या मुलाला बसून पडदा बघायला लावू नये, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलाला दिवसाला एका तासाहून जास्त नको, कमी असेल तितकं चांगलं. मांडीवर बसून तुमची मॅच बघणं त्यातच मोजायचं. त्याच सूचनांत एक-दोन वर्षांच्या मुलांना ११ ते १४ तास आणि तीन-चार वर्षांच्या मुलांना १० ते १३ तास झोप सांगितली आहे, दुपारची धरून.

आणि कळत नाही हे खरं नाही. आमची थोरली बाहुलीला 'नॉक झाली, रिव्हाइव्ह कर' (म्हणजे पडली, परत उभी कर) म्हणायला लागली होती. त्याहून वाईट म्हणजे उघड्या माइकवरून येणाऱ्या अनोळखी पोरांच्या शिव्या. मोबाइलचा स्पीकर चालू ठेवून खेळत असाल तर त्या मुलांच्या कानात जातातच. सेटिंगमध्ये जाऊन आवाज फक्त आपल्या टीमचा ठेवा, टीममध्ये अनोळखी लोक असतील तर तोही बंद करा. हा दोन मिनिटांचा बदल आजच करण्यासारखा आहे.

थोरली 'मलाही खेळायचंय' म्हणते तेव्हा 'नाही' म्हणून भागत नाही, कारण तिला मोबाइलपेक्षा आमचं एकाग्र झालेलं तोंड हवं असतं. आम्ही घरात 'लूट' खेळतो. उशीखाली, दारामागे, तांदळाच्या डब्याजवळ चिंचोके लपवायचे आणि तिने शोधायचे. रविवारी पांडवलेण्यांच्या पायथ्याशी नेलं की 'झोन' आखून पकडापकडी. धाकटाही लुटुलुटु मागे धावतो.

हरल्यावर लगेच मुलांजवळ जाणं

मॅच संपली की ताबा परत घ्यायचा असतो, पण डोकं अजून तिथेच असतं. कुणी मागून मारलं, कोण वेळेवर आलं नाही. त्या वेळी मूल पाणी मागायला आलं तरी आवाज चढतो. मुलाला रँक कळत नाही, त्याला एवढंच दिसतं की आईने मोबाइल ठेवला आणि ती चिडली. म्हणून वर सांगितलेली दहा मिनिटं वेळेत धरलेली असावीत. तोंड धुवा, गॅलरीतले कपडे काढा, घोटभर पाणी प्या, मग मुलांकडे जा.

पैशांची दारं उघडी ठेवणं

प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये प्रत्येक खरेदीला पासवर्ड किंवा बोटाचा ठसा मागायची सोय आहे, ती चालू करा. मुलाच्या हातात मोबाइल द्यायचाच असेल तर ॲप पिन करून द्या, म्हणजे तेच ॲप उघडं राहतं. मुलासमोर यूपीआयचा पिन टाकू नका, चार वर्षांच्या मुलाला आकडे पाठ होतात. आणि पैसे लावून खेळायचे जे खेळ होते, त्यांच्यावर ऑगस्ट २०२५ च्या केंद्राच्या कायद्याने बंदी आणली आहे. त्यामुळे 'खेळा आणि कमवा' म्हणणारी लिंक कुणी पाठवली तर ती उघडूच नका. घरात मुलाच्या दुधाचे पैसे मोजून ठेवलेले असतात.

शपथ घेऊन ॲप उडवणं

टेंगूळ आलं त्या रात्री मी ॲप काढून टाकलं होतं. नवव्या दिवशी परत टाकलं आणि त्या आठवड्यात आधीपेक्षा दुप्पट खेळले. कितीतरी लोक पाडव्याला शपथ घेतात आणि अक्षय्य तृतीयेपर्यंत परत खेळाच्या लॉबीत दिसतात. कॅलेंडरवर दोन वेळा लिहून त्या पाळणं मला जास्त जमलं.

पण कुणाकुणाला तेही जमत नाही, आणि त्यात कमीपणा नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगांच्या वर्गीकरणात, म्हणजे जानेवारी २०२२ पासून लागू असलेल्या आयसीडी-११ मध्ये, गेमिंगचा विकार नोंदलेला आहे. खेळण्यावर ताबा न राहणं, बाकी सगळ्याच्या आधी खेळ येणं आणि नुकसान दिसत असूनही खेळत राहणं, हे साधारण वर्षभर चालू असेल तर तो विकार मानतात. मूल उपाशी राहिलं, नोकरी धोक्यात आली, तरी हात मोबाइलकडेच जातोय, असं तुमच्या किंवा घरच्या माणसाच्या बाबतीत होत असेल तर वर्ष पूर्ण व्हायची वाट पाहू नका. सरकारच्या टेलीमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, फोन मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. मुलं झोपल्यावर, मॅच लावायच्या ऐवजी, एकदा तो फिरवून बघा.