कमबॅकच्या दिवशी आपला कान कसा सांभाळायचा

के-पॉपमध्ये, म्हणजे कोरियन पॉप संगीतात, बँडचं नवं संगीत येतं त्याला कमबॅक म्हणतात. शुक्रवारी नवा अल्बम येतो तेव्हा बहुतेकदा कोरियात दुपारचा एक आणि आपल्याकडे सकाळचे साडेनऊ झालेले असतात. न्यूयॉर्कला तेव्हा मध्यरात्र असते आणि बिलबोर्ड चार्टचा, म्हणजे अमेरिकेतल्या गाण्यांच्या क्रमवारीचा, आठवडा शुक्रवारपासून मोजतात, म्हणून ही वेळ. बीटीएस या कोरियन बँडची आर्मी, म्हणजे चाहते, असाल तर ग्रुपवर गाणं किती वेळा वाजवायचं याच्या टार्गेटचं पोस्टर आधीच येऊन पडलेलं असतं. ते उघडू नका. आधी गाणी ऐका.

ग्रुप म्यूट करा. एमव्ही, म्हणजे गाण्याचा व्हिडिओ, नंतर बघा. अल्बम पहिल्या गाण्यापासून शेवटपर्यंत, हेडफोन लावून, फोन पालथा ठेवून ऐका. कॉलेज असेल तर संध्याकाळी ऐका, काही बिघडत नाही. मग वही घ्या आणि कोणतं गाणं परत लावावंसं वाटलं, कोणतं नाही, ते लिहा. नुसतं ‘भारी’ नको. ‘ड्रम थांबतात आणि एकट्या युंगीचा आवाज उरतो, तिथे’ असं लिहा (युंगी हा बीटीएसमधला रॅपर).

हे कमेंट वाचायच्या आधीच करायचं. 2006 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात सॅल्गनिक, डॉड्स आणि वॉट्स यांचा एक प्रयोग आला होता. 14,000 हून जास्त लोकांना अनोळखी बँडची 48 गाणी ऐकायला दिली. कोणतं गाणं कितीदा डाउनलोड झालंय हे काहींना दिसत होतं, काहींना नाही. आकडे दिसणाऱ्यांचे आठ गट होते. गाणी तीच, पण वर चढलेली गाणी गटागटात वेगळी! फार चांगलं गाणं सहसा तळाला गेलं नाही, फार वाईट सहसा वर आलं नाही. मधल्यांचं मात्र काहीही झालं.

आता स्ट्रीमिंग, म्हणजे आकडे वाढवायला गाणं पुन्हा पुन्हा वाजवत ठेवणं. टायटल ट्रॅक (अल्बमचं मुख्य गाणं), मग दोन जुनी गाणी, परत टायटल ट्रॅक, म्हणजे माणूस नाही, बॉट (आपोआप चालणारा प्रोग्राम) वाजवतोय असं वाटायला नको. फोन ड्रॉवरमध्ये, आवाज बारीक, आणि आपण सबमिशन लिहितोय. त्या वेळी ते गाणं कुणीच ऐकत नसतं. मला हे मुळीच पटत नाही. ज्यांनी त्यावर महिनेच्या महिने घातले, त्यांचा हा मान नव्हे.

एखादं गाणं नाही आवडलं तर ग्रुपवर सांगा. ‘हे मला नाही पोचलं, पण चौथं ऐकलंत का?’ म्हटलं की गप्पा सुरू होतात. ‘खरी आर्मी असं बोलत नाही’ म्हणणारी कुणीतरी असतेच. तिच्याशी वाद घालू नका.

फॅनचँट, म्हणजे गाण्याच्या वेळी चाहत्यांनी मिळून म्हणायची सदस्यांची नावं, मात्र अगदी सगळ्यांसारखा पाठ करा: किम नामजून, किम सोकजिन, मिन युंगी, जंग होसोक, पार्क जिमिन, किम तेह्युंग, जॉन जंगकुक, बीटीएस! थिएटरात कॉन्सर्ट लागते तेव्हा अख्खं सभागृह हे एका दमात म्हणतं आणि अंगावर काटा येतो. तिथे मला वेगळं दिसायचंच नसतं.

अल्बम एकच घ्या. आत कोणत्या सदस्याचं फोटोकार्ड (त्याचा छोटा फोटो असलेलं कार्ड) निघेल ते आधी कळत नाही, म्हणून लोक चार-चार प्रती घेतात. त्यापेक्षा अदलाबदल करा. कार्ड स्लीव्हमध्ये घालून दोन जाड पुठ्ठ्यांमध्ये ठेवा, चिकटपट्टी फक्त पुठ्ठ्याला लावा आणि कुरिअर करण्याआधी दोन्ही बाजूंचा फोटो समोरच्या व्यक्तीला पाठवा.