जुन्या वाड्यातील वायरिंगचा दोष कसा शोधावा

पंचवटी, भद्रकाली किंवा जुन्या नाशकातील वाड्यांमध्ये लाकडी पट्टीवरचे वायरिंग अजूनही आढळते. पंचवटीतील आमच्या वाड्यात मेन स्विच बंद करून मी माजघरातली अशी एक पट्टी उचकटली, तेव्हा तारेवरचे रबर बोटांत चुरले, त्याचा काळा भुगा फरशीवर पडला आणि तांबे उघडे राहिले. पट्टीला वरून दोन वर्षांपूर्वीच रंग दिलेला होता. त्यामुळे बाहेरून नीट दिसते म्हणून आतली तार शाबूत आहे असे धरून चालू नये.

कुठलाही बोर्ड उघडण्यापूर्वी मेन बंद करावा आणि टेस्टर आधी चालू जागी लावून तो पेटतो याची खात्री करून घ्यावी. जुन्या कामात बटण कधी कधी फेजऐवजी (वीज आणणारी तार) न्यूट्रलवर (परतीची तार) बसवलेले असते. अशा ठिकाणी दिवा विझला तरी होल्डरमध्ये वीज राहते, म्हणून केवळ बटण बंद करून बल्बच्या होल्डरला हात घालू नये.

चिनी मातीचा फ्यूज नवी तार घालताक्षणी उडत असेल, तर बहुधा कुठेतरी शॉर्ट आहे. काही मिनिटांनी उडत असेल, तर भार जास्त आहे. 2000 वॅटचा गिझर 230 व्होल्टवर सुमारे 8.7 अँपिअर प्रवाह घेतो आणि दिव्यांसाठी ओढलेली जुनी बारीक तार त्याने तापते. फ्यूजमध्ये जाड तार घालणे हा यावरचा उपाय नव्हे, कारण मग फ्यूजऐवजी भिंतीतली तार जळते, आणि तीही लाकडाला चिकटून. एका खोलीचे दिवे लुकलुकत असतील किंवा बोर्ड कोमट लागत असेल, तर सैल स्क्रू आणि तांबे-ॲल्युमिनियमचे जोड आधी तपासून घ्यावेत. सॉकेटच्या दोन्ही भोकांत टेस्टर पेटत असेल आणि उपकरण मात्र चालत नसेल, तर बहुतेक वेळा न्यूट्रल तुटलेला असतो.

सर्वांत चिवट दोष पावसाळ्यात दिसतो. भिंती ओल धरतात आणि 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज अर्थमध्ये गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच, वारंवार पडू लागतो. अशा वेळी सर्व उपकरणांचे प्लग काढावेत, सर्व एमसीबी (प्रत्येक ओळीचे, म्हणजे सर्किटचे, फ्यूजसारखे काम करणारे स्विच) खाली करावेत, आरसीसीबी चढवावा आणि मग एकेक एमसीबी चढवत जावे. ज्याला चढवताच आरसीसीबी पडतो, दोष त्या ओळीत असतो. सर्व एमसीबी बंद असूनही तो पडत राहिला, तर न्यूट्रल ओल्या भिंतीला किंवा अर्थला टेकला असण्याची शक्यता असते, कारण एकेरी एमसीबी केवळ फेज तोडतो. आमच्याकडे न्हाणीघराच्या भिंतीतला एक जुना, वापरात नसलेला जोड असाच सापडला. त्यासाठी मला चार दिवस लागले.

यापुढचे काम परवानाधारक वायरमनकडेच द्यावे. त्याच्याकडून 500 व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन, म्हणजे तारेवरचे आवरण, किती शाबूत आहे ते मोजणारे यंत्र) प्रत्येक ओळ तपासून घ्यावी आणि इन्सुलेशन 1 मेगाओमच्या खाली आले असेल, तर ती ओळ पूर्ण बदलून घ्यावी. साधारणपणे दिव्यांना 1.5, सॉकेटना 2.5 आणि गिझरला 4 चौरस मिलिमीटरची तांब्याची तार घालतात. तीन पिनांच्या सॉकेटच्या वरच्या भोकात खरोखर अर्थची तार आली आहे का, हेही त्याला उघडून दाखवायला सांगावे. दोन तारांच्या जुन्या घरांत ते भोक अनेकदा रिकामेच असते. ते न्यूट्रलला जोडून काम भागवू देऊ नये. मीटर आणि त्याच्या आधीची सर्व्हिस वायर यांना मात्र हात न लावता महावितरणकडे तक्रार नोंदवावी.