वर्गात ऑटिझम असलेलं मूल आलंय? आधी त्याला त्याचा दिवस सांगा

ऑटिझम म्हणजे स्वमग्नता असलेलं मूल वर्गात आलं की बहुतेक शिक्षक विचारतात, याला सांभाळायचं कसं? मी एवढंच म्हणेन, त्याआधी हे विचारा की आज शाळेत काय काय होणार ते त्याला कळलंय का. या मुलांचा बराचसा त्रास अचानक होणाऱ्या गोष्टींचा असतो, आणि कोकणातल्या शाळेत अचानक होणाऱ्या गोष्टींना काही तोटा नाही, पावसाचा रेड अलर्ट आला शाळा सुटली, लाईट गेली, केंद्रप्रमुख आले म्हणून गणिताचा तास गेला, शिमग्यात पालखी दारात आली. बाकीची पोरं उड्या मारतात, हे पोर कानावर हात दाबून बाकाखाली शिरतं आणि आपण म्हणतो काय हट्टी आहे.

म्हणून पहिलं काम दिवसाची पट्टी. पुठ्ठ्याची लांब पट्टी कापायची, त्यावर परिपाठ, मराठी, छोटी सुट्टी, गणित, खिचडी, खेळ, घर असे चित्रांचे तुकडे ओळीने लावायचे. चित्रं नेटवरून घेऊ नका, मोबाईलवर आपल्याच शाळेचे फोटो काढून प्रिंट मारा, आपलाच नळ, आपलंच संडास, पोषण आहार शिजवणाऱ्या मावशींचं तेच काळं पातेलं, कारण नेटवरचं चकाचक बाथरूम बघून आपल्या शाळेतलं त्याला ओळखू येईलच असं नाही. तास संपला की तुकडा त्यानेच काढून डब्यात टाकायचा. आणि एक लाल तुकडा वेगळा ठेवा, त्यावर फक्त "बदल" लिहा. यात एक गोम आहे, लाल तुकडा आधी छान गोष्टींसाठी वापरायचा, म्हणजे आज खेळ दहा मिनिटं जास्त, आज गोष्टीचं पुस्तक, नाहीतर लाल दिसला की काहीतरी वाईटच होणार असं डोक्यात बसतं आणि मग खरा बदल आला की पट्टी बघायलाच तयार होत नाही.

पालखीचं आणि गणपतीच्या सुट्टीचं तर आठवडाभर आधीपासून सांगा. मागच्या वर्षीचा ढोलाचा व्हिडिओ आवाज बारीक करून दाखवा, रोज थोडा थोडा, आणि त्याला नको असेल तर ढोल वाजत असताना तो लांबच्या खोलीत बसेल हेही आधीच ठरवा, त्याला सांगा, घरच्यांनाही सांगा.

पावसाबद्दल वेगळं लिहितेय कारण ते कुठल्या ट्रेनिंगमध्ये सांगत नाहीत. जुलैत पत्र्यावर पाऊस सुरू झाला की आपल्याला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही, मग आपण ओरडून शिकवतो, त्यावर पोरं ओरडतात. अनेक ऑटिस्टिक मुलांना नको असलेला आवाज मागे टाकता येत नाही, पाऊस, बाईंचा आवाज, बाक सरकवल्याचा आवाज, सगळं एकदम तेवढंच मोठ्याने आत येतं. अशा वेळी शिकवणं थांबवा आणि वर्गाला लिहायचं किंवा चित्राचं काम द्या, सूचना फळ्यावर लिहा. त्याची जागा भिंतीकडेची ठेवा, दारापासून लांब. मशीनवर काम करणारे कानावर लावतात तसले इअरमफ मिळाले तर एक जोडी वर्गात असू दे. ओल्या रेनकोटचा वास, चिकटलेले मोजे, यानेही काही मुलं हैराण होतात, तर मोजे काढू द्या की, काय बिघडतं.

बोलताना वाक्य छोटं आणि सरळ. "वही काढशील का?" विचारलं की तो "हो" म्हणतो आणि बसून राहतो, कारण त्याने प्रश्नाचं उत्तर दिलेलं असतं. "वही काढ" म्हणा. "नीट बस" ऐवजी "पाय खाली, हात बाकावर". सांगून झालं की मनात दहापर्यंत मोजा, मधेच दुसऱ्या शब्दांत तेच सांगू नका, आपलं पहिलंच वाक्य अजून त्याच्या आत पोचत असतं. घरी मालवणी असेल तर शाळेत दोन शब्द मालवणीत बोला, "आज पावसामुळे शाळा लवकर सुटतली" एवढं म्हटलं तरी चेहरा सैल होतो. "माझ्याकडे बघ" हा आग्रह तर सोडाच, पुष्कळ मुलं न बघताच जास्त चांगलं ऐकतात. हात फडफडवणं, डुलणं हेही थांबवू नका, कुणाला इजा होत नसेल तर ते त्याचं स्वतःला सावरणं आहे.

त्याच्या आवडीच्या विषयाला खूळ म्हणू नका, तिथूनच शिकवा. किनाऱ्यावरच्या एका शाळेतला मुलगा दिवसभर भरती-ओहोटीचंच बोलायचा, गणिताचं पुस्तक उघडायलाच तयार नाही. त्याच्या बाईंनी कॅलेंडर पुढ्यात ठेवलं आणि कोळ्यांचा जुना ठोकताळा घेतला, तिथीची पाऊणपट केली की साधारण भरतीची वेळ येते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. पाऊणपट करता करता अपूर्णांक आले, भरती रोज साधारण 50 मिनिटं पुढे जाते म्हणून मिनिटांची बेरीज आली, मग उधाण (मोठी भरती) आणि भांग (लहान भरती) यांचा तक्ता त्याने स्वतः आखला आणि वर्गाला समजावून सांगितला. ज्यांनी त्याला खेळायला घेतलं नव्हतं ती पोरं आता "आज पाणी कधी भरतला रे?" विचारायला त्याच्याकडे जातात. मैत्री कर म्हणून सांगून होत नाही, अशी काहीतरी निमित्तं लागतात.

आता, सगळं करूनही कधीतरी बांध फुटतोच. मूल किंचाळतं, डोकं आपटतं, पळून जातं. त्या क्षणी काही शिकवायचं नाही, काही विचारायचं नाही. बाकीच्या मुलांना बाहेर काढा, त्याला ओढू नका, आपण थोडं बाजूला खाली बसा, शब्द अगदी कमी, डोक्याखाली दप्तर सरकवा. शाळेजवळ विहीर, खाडी किंवा हायवे असेल तर गेटपाशी एक माणूस उभा करणं आधीच ठरलेलं हवं. शांत झाल्यावर पाणी द्या, माफी मागायला लावू नका. आणि संध्याकाळी वहीत लिहून ठेवा, त्याच्या आधी नेमकं काय झालं होतं, किती वाजता, कुठे. अशी पानं साठली की दिसायला लागतं, कधी खिचडीच्या रांगेतला धक्का असतो, कधी ट्यूबलाईटची भुणभुण. मारणं, कोंडणं, कोपऱ्यात उभं करणं याचा तर प्रश्नच नाही, 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानेच शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ बंद आहे.

खिचडीत वाटाणा आला म्हणून न जेवणाऱ्याला "घरी असले लाड चालतात" म्हणू नका. नुसता भात वेगळा काढून द्या, किंवा घरचा डबा चालू द्या.

न बोलणाऱ्या मुलाला काही कळत नाही असं समजून त्याच्यासमोर त्याच्याबद्दल बोलू नका, तो ऐकत असतो. चित्रकार्डं द्या, आयआयटी मुंबईत तयार झालेलं जेलो नावाचं मोफत ॲप मराठीतही आहे, चित्रावर बोट ठेवलं की ते बोलतं. आणि गप्प, शहाण्या मुलींकडेही लक्ष असू द्या, काहीजणी दुसऱ्यांचं बघून बघून दिवस ढकलतात आणि घरी गेल्या की कोसळतात, मग आई सांगायला येते तेव्हा "शाळेत तर छान असते" म्हणून तिला परत पाठवू नका.

पालकांशी बोलताना "याला ऑटिझम आहे" असं निदान आपण करायचं नाही. काय बघितलं तेवढं सांगायचं, हाकेला वळत नाही, एकच वाक्य परत परत म्हणतो वगैरे. आजी म्हणेल, देवाक गाऱ्हाणा घातला हा, झील बरो होतलो, म्हणजे देवाला साकडं घातलंय, मुलगा बरा होईल. गाऱ्हाणं घालू द्या, त्यावर वाद नको, पण तपासणीही करा हे प्रेमाने सांगा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत येतं तेव्हा त्यांना मूल आवर्जून दाखवा, पुढे जिल्हा रुग्णालयात पाठवता येतं, आणि गट साधन केंद्रातल्या विशेष शिक्षकांना फोन करा, बोलवा, चार वेळा बोलवा. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात जे 21 प्रकार आहेत त्यात ऑटिझम आहे, कागदावर स्वमग्नता लिहिलेलं असतं. प्रमाणपत्रात दिव्यांगत्व 40 टक्के किंवा जास्त असेल तर 6 ते 18 वयापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. पण वर्गातली पट्टी लावायला कुठलंही प्रमाणपत्र लागत नाही, ती उद्यापासून लावा.

आणि आपली बदली झाली किंवा मूल पुढच्या शाळेत जाणार असेल तर एक पान लिहून पुढच्या शिक्षकांच्या हातात द्या. त्याला काय आवडतं, कशाने घाबरतो, कसा शांत होतो, संडासला जायचंय हे कसं सांगतो. हे शेवटचं तर लिहाच लिहा, कारण नवीन शाळेत पहिल्याच दिवशी अडतं ते तिथे. मे महिन्यात शाळा रिकामी असताना त्याला नवीन वर्ग, नवीन नळ, बसायची जागा दाखवून आणा, फोटो काढा आणि आईच्या मोबाईलवर पाठवा, सुट्टीभर बघू दे.