एकदा डिपोर्ट झाल्यावर ब्रिटनचा जोडीदार व्हिसा : अर्ज कसा करावा

ब्रिटनच्या जोडीदार व्हिसाचा ऑनलाइन फॉर्म भरताना बरंच पुढे गेल्यावर एक प्रश्न येतो. ब्रिटनने किंवा दुसऱ्या कुठल्याही देशाने तुम्हाला कधी व्हिसा नाकारला आहे का, सीमेवरून परत पाठवलं आहे का, आश्रय नाकारला, डिपोर्ट केलं, देश सोडायला लावला किंवा प्रवेशबंदी घातली आहे का? उत्तरं दोनच : हो किंवा नाही. अमेरिकेतून, दुबईतून, कुवेतहून परत पाठवलेल्या माणसाचा हात इथे अडखळतो. आणि नेमका तेव्हाच कुणीतरी शहाणा शेजारून म्हणतो, "नाही टाक रे. त्यांना कुठे कळतंय?"

कळतं. ब्रिटन, अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड या पाच देशांमध्ये व्हिसा आणि इमिग्रेशनच्या कामासाठी बोटांचे ठसे ताडून पाहण्याची व्यवस्था आहे. नाव बदललं, लग्नानंतर आडनाव बदललं, पासपोर्ट नवा काढला, तरी बोटं तीच राहतात. आखाती देशांचं रेकॉर्ड तसं जोडलेलं नसलं, तरी जुना पासपोर्ट, भारतातलं पासपोर्टचं रेकॉर्ड आणि तुम्ही पूर्वी भरलेले फॉर्म बोलतातच.

दुसऱ्या देशाने डिपोर्ट केलं, एवढ्याच कारणाने ब्रिटनचा जोडीदार व्हिसा आपोआप नाकारला जात नाही. अमेरिकेने पाच किंवा दहा वर्षांची बंदी घातली असेल तर ती अमेरिकेपुरती. ती संपेपर्यंत ब्रिटनचा अर्ज थांबवायची गरज नसते. अर्ज बुडतो तो लपवण्यामुळे. खोटी माहिती दिली, हे अर्ज फेटाळण्याचं स्वतंत्र कारण आहे, आणि त्यातून पुढे व्हिजिटर किंवा नोकरीच्या व्हिसावरही दहा वर्षांपर्यंत बंदी येऊ शकते.

हा लेख कुणासाठी, तेही सांगतो. नवरा किंवा बायको ब्रिटिश नागरिक आहे किंवा तिथे कायम वास्तव्याच्या परवान्यावर आहे, आणि तुम्ही भारतातून अर्ज करताय, अशांसाठी. जोडीदार तिथे नोकरीच्या व्हिसावर असेल (आपली आयटीतली बरीच मंडळी असतात), तर तुमचा व्हिसा डिपेंडंटचा. त्याची फी आणि नियम वेगळे, डिपोर्टेशनचा प्रश्न मात्र तोच. इंग्लंडमधल्या स्विंडन शहरातल्या गोंयकारांसारखा पोर्तुगीज पासपोर्ट आणि सेटल्ड स्टेटस (युरोपीय नागरिकांना ब्रिटनमध्ये कायम राहायची परवानगी) असलेला जोडीदार असेल आणि तुमचं नातं ३१ डिसेंबर २०२०च्या आधीचं असेल, तर आधी याच युरोपीय नागरिकांच्या कुटुंबीयांसाठी असलेला ईयू सेटलमेंट योजनेचा फॅमिली परमिट बघा. त्याला फी नाही आणि उत्पन्नाची अटही नाही. आणि डिपोर्ट खुद्द ब्रिटननेच केलं असेल, तर हा लेख बाजूला ठेवून थेट वकील गाठा. तिथे आधी डिपोर्टेशनचा आदेश रद्द करून घ्यावा लागतो.

पहिलं काम : तुमचं नेमकं काय झालं होतं?

आपल्याकडे सगळ्यालाच "डिपोर्ट झाला" म्हणतात. कायद्यात त्याचे चार-पाच वेगळे प्रकार आहेत आणि फॉर्मवर योग्य प्रकार लिहावा लागतो.

अमेरिकेचंच घ्या. विमानतळावर अधिकाऱ्याने चौकशी करून "अर्ज मागे घ्या आणि परत जा" असं सांगितलं आणि तुम्ही सही करून आलात, तर ते डिपोर्टेशन नाही. पण सीमेवर प्रवेश नाकारला गेला, हे खरं आहे आणि तसं लिहायचं. तिथेच झटपट हकालपट्टीचा आदेश हातात दिला असेल तर तो वेगळा, त्याची बंदी साधारण पाच वर्षांची. इमिग्रेशन न्यायाधीशाने आदेश दिला तर बहुधा दहा वर्षांची, दुसऱ्यांदा झालं तर वीस. न्यायाधीशाने स्वखर्चाने निघून जायची मुभा दिली असेल तर त्याचं नाव आणखी वेगळं. ५ फेब्रुवारी २०२५ला अमेरिकेचं लष्करी विमान १०४ भारतीयांना घेऊन अमृतसरला उतरलं, त्यात तिघे महाराष्ट्रातले होते, म्हणून तो प्रकार सगळ्यांच्या लक्षात आहे. एरवी बहुतेक माणसं साध्या प्रवासी विमानाने गुपचूप येतात आणि हातातल्या कागदावर काय लिहिलंय ते कधी वाचतच नाहीत.

आखाताचं चित्र निराळं. कोकणातल्या बऱ्याच घरांना ते माहीत आहे. मालकाशी बिनसलं, कंपनी सोडून दुसरीकडे काम धरलं, म्हणजे तिथल्या बोलीत 'खल्लीवल्ली' झाला, आणि मग एक दिवस पकडला गेला किंवा माफीची मुदत जाहीर झाल्यावर दूतावासातून आउटपास, म्हणजे पासपोर्टऐवजी फक्त मायदेशी परतण्यापुरता मिळणारा कागद, घेऊन परतला. यातही फरक आहे. पकडून, ठसे घेऊन पाठवलं तर डिपोर्टेशन. संयुक्त अरब अमिरातीने सप्टेंबर ते डिसेंबर २०२४ या काळात जशी माफी दिली होती, तशा मुदतीत बंदीशिवाय बाहेर पडलात तर ते डिपोर्टेशन नव्हे. पण मुदत उलटून राहिलात, हे त्याही बाबतीत लपवायचं नाही.

दुसरं काम : रेकॉर्ड आधी मागवा, फॉर्म नंतर भरा

माझ्या मते सगळ्या अर्जातली ही सर्वांत महत्त्वाची पायरी, आणि घाईत हीच गाळली जाते. तुम्हाला आठवतं ते आणि त्यांच्या फायलीत आहे ते, यात तफावत निघाली की सच्चा माणूसही खोटा दिसतो.

अमेरिकेच्या बाबतीत माहिती स्वातंत्र्याच्या कायद्याखाली स्वतःची फाइल मागवता येते. भारतात बसून ऑनलाइन अर्ज करता येतो. मात्र सगळं एकाच कार्यालयात नसतं : सीमेवरचं रेकॉर्ड कस्टम्स आणि बॉर्डर प्रोटेक्शनकडे, ताब्यात ठेवल्याचं आणि परत पाठवल्याचं इमिग्रेशन आणि कस्टम्स एन्फोर्समेंटकडे, मुख्य इमिग्रेशन फाइल नागरिकत्व आणि इमिग्रेशन सेवेकडे, आणि कोर्टात केस चालली असेल तर ते कागद इमिग्रेशन कोर्टांच्या कार्यालयाकडे. प्रत्येकाकडे वेगळा अर्ज करायचा. जुन्या कागदावर 'ए' अक्षराने सुरू होणारा क्रमांक सापडला तर तो प्रत्येक अर्जात घाला. आणि नावाची सगळी रूपं लिहा. मराठी नावात मधे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव येतं. परदेशी यंत्रणा ते कधी पहिल्या नावाला चिकटवते, कधी आडनावात ढकलते. एका स्पेलिंगवर शोध घेतला तर "रेकॉर्ड नाही" असं उत्तर येऊ शकतं, आणि त्यावर विसंबून कुणी फॉर्मवर 'नाही' लिहिलं तर संपलंच. उत्तर यायला काही महिने लागू शकतात, तेव्हा लग्नाची बोलणी चालू असतानाच अर्ज टाकलेला बरा.

आखाती देशांतून असे कागद मिळवणं अवघड. तिथे आपल्याकडे असेल ते गोळा करा : जुना पासपोर्ट (रद्द झालेलाही), रद्द केलेला व्हिसा, आउटपासची प्रत, परतीचं तिकीट, दंड भरल्याची पावती, कंपनीशी झालेला पत्रव्यवहार. जे नाही ते का नाही, हे प्रतिज्ञापत्रावर लिहा.

याच वेळी एक जागा तपासा. आपल्या पासपोर्टच्या फॉर्ममध्येही विचारतात, की तुम्ही कधी इमर्जन्सी सर्टिफिकेटवर (आउटपासचंच अधिकृत नाव) भारतात परतलात का, डिपोर्ट झालात का. तिथे 'नाही' लिहून नवा पासपोर्ट काढला असेल, तर ब्रिटनचा अर्ज करण्याआधी त्यावर वकिलाचा सल्ला घ्या.

तिसरं काम : घरात बोला

जोडीदाराला माहीत नसेल तर अर्ज करू नका. हे लग्नाबद्दलचं प्रवचन नाही. अर्जासोबत जोडीदाराचं पत्र जातं, कधी मुलाखतही होते. "तुमच्या नवऱ्याला अमेरिकेतून का काढलं?" या प्रश्नावर बायको गप्प बसली, तर अधिकाऱ्याच्या मनात शंका डिपोर्टेशनची राहत नाही, लग्न खरं आहे का याची होते. जोडीदाराच्या पत्रात एक साधं वाक्य असू द्या : हे मला अमुक साली कळलं, लग्नाआधी आम्ही त्यावर बोललो, आणि मी सगळं जाणून हे लग्न केलं आहे.

लग्न डिपोर्टेशननंतर थोड्याच दिवसांत झालं असेल तर नात्याचे पुरावे जास्त लागतात. भेटींची तिकिटं, दोन्हीकडच्या घरच्यांसोबतचे फोटो, कॉलच्या नोंदी, एकमेकांना पाठवलेले पैसे. व्हॉट्सअ‍ॅपचे हजार स्क्रीनशॉट नकोत; दर महिन्याचे दोन-चार पुरेत.

चौथं काम : निवेदन लिहा

फॉर्मवरच्या चौकटीत जागा थोडी असते. तिथे थोडक्यात लिहून "सविस्तर निवेदन जोडले आहे" असं म्हणा. निवेदन इंग्रजीत, एक ते दोन पानांचं. घडण साधारण अशी :

"मी ऑगस्ट २०१८मध्ये विद्यार्थी व्हिसावर अमेरिकेत गेले. जानेवारी २०२०मध्ये फी भरता न आल्याने माझा कॉलेजचा प्रवेश रद्द झाला आणि विद्यार्थी म्हणून राहण्याचा माझा दर्जा संपला. तरीही मी तिथे राहिले आणि एका दुकानात काम केले. ते नियमाविरुद्ध होते. मार्च २०२१मध्ये मला ताब्यात घेतले, इमिग्रेशन न्यायाधीशाने आदेश दिला आणि मे महिन्यात मी भारतात परतले. आदेशाची प्रत जोडली आहे. माझ्यावर कुठल्याही देशात फौजदारी गुन्हा नाही. परतल्यापासून मी पुण्यात नोकरी करते."

बघा, रडगाणं नाही, अधिकाऱ्यांना दोष नाही, "मला माहीतच नव्हतं" नाही. तारीख, काय झालं, चूक कोणती, मग काय. आपल्याला परिस्थिती समजावून सांगायचा मोह होतो, एजंटने कसं फसवलं याची कहाणी सुरू होते. ती खरी असेल तर दोन ओळींत लिहा आणि पुरावा जोडा.

दोन जागी मात्र स्वतःच्या हाताने निवेदन लिहू नका. एक, आश्रय मागितला असेल तर. सीमेवर एजंटने पढवलेली, भारतात जिवाला धोका असल्याची गोष्ट सांगितली असेल, तर ती त्या फायलीत शब्दशः आहे, आणि नव्या निवेदनाचं तिच्याशी जुळणं किंवा न जुळणं, दोन्ही नाजूक. दोन, दुसऱ्याच्या नावाच्या पासपोर्टवर गेला असाल किंवा शिक्षा झाली असेल तर. तुरुंगवास किती महिन्यांचा, यावर ब्रिटनच्या नियमांत बरंच काही ठरतं. इथे ब्रिटनमधला सॉलिसिटर किंवा इमिग्रेशन अ‍ॅडव्हाइस ऑथॉरिटीकडे नोंदणी असलेला सल्लागार घ्या. नोंदणी ऑनलाइन तपासता येते. "गॅरंटी" हा शब्द ज्याच्या तोंडी येतो, त्याच्याकडून चहा पिऊन परत या.

बाकीचा अर्ज

हा सगळ्यांसाठी सारखाच, म्हणून झटपट. ११ एप्रिल २०२४पासून जोडीदाराचं वार्षिक उत्पन्न किमान २९,००० पौंड लागतं. नुसत्या बचतीवर दाखवायचं तर ८८,५०० पौंड सहा महिने खात्यात असावेत. पगारदार असेल तर सहा महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा, त्याच महिन्यांची बँक स्टेटमेंट आणि कंपनीचं पत्र. शेवटचा कागद अर्जाच्या दिवशी २८ दिवसांहून जुना नको. राहायच्या घराचा पुरावा. इंग्रजीची ए१, म्हणजे सर्वांत प्राथमिक पातळीची परीक्षा, त्यासाठी आयईएलटीएस लाइफ स्किल्स चालते, साधी आयईएलटीएस नाही. मान्यताप्राप्त क्लिनिकमधली क्षयरोगाची तपासणी. तिचं प्रमाणपत्र सहा महिने चालतं. विवाह नोंदणीचा दाखला फक्त मराठीत असेल तर प्रमाणित इंग्रजी भाषांतर.

एप्रिल २०२५मध्ये फी १,९३८ पौंड झाली; वर आरोग्य अधिभार ३,१०५ पौंड. आकडे वरचेवर वाढतात, भरायच्या दिवशी सरकारी संकेतस्थळावर पाहून भरा. मग व्हीएफएसच्या (ब्रिटनसाठी व्हिसा अर्ज स्वीकारणारी कंपनी) केंद्रात ठसे द्यायचे. ठसे देताना पोटात गोळा येतो, हे ठाऊक आहे. फॉर्मवर 'हो' लिहिलं असेल तर येऊ देऊ नका.

निकालाला साधारण १२ आठवडे धरतात. तुमचा अर्ज सरळ नसल्याने जास्त लागू शकतात, म्हणून विमानाचं तिकीट आधी काढू नका. नकार आला तर पत्र नीट वाचा : उत्पन्नाचा कागद कमी पडला म्हणून, की खोटी माहिती दिली म्हणून? पहिल्या बाबतीत पुन्हा अर्ज करणं कधी कधी सोपं पडतं. दुसऱ्या बाबतीत तो शिक्का पुढच्या प्रत्येक अर्जावर राहतो, म्हणून अपीलच बघा. देशाबाहेरून अपील करायला २८ दिवस मिळतात.

व्हिसा मिळाला तर तो ३३ महिन्यांचा असतो. तो वाढवताना, पाच वर्षांनी कायम वास्तव्य मागताना आणि नंतर नागरिकत्वाच्या वेळीही जुन्या इतिहासाबद्दल विचारलं जाऊ शकतं. तेव्हा भरलेल्या फॉर्मची आणि निवेदनाची पीडीएफ दोघांच्याही ईमेलवर ठेवा, म्हणजे पाच वर्षांनी तारखा आठवणीतून लिहाव्या लागणार नाहीत.