उद्यानातलं किनारी पाणलोट क्षेत्र: प्रकृती कशी तपासायची

उद्यानाचा नकाशा आधी बाजूला ठेवा. खाडीचं मुख हा शेवटचा बिंदू धरून समोच्च रेषांवरून जलविभाजक रेषा काढा आणि मगच तिच्यावर उद्यानाची हद्द आखा. ओढ्यांचे उगम अनेकदा हद्दीबाहेर, शेतात नाहीतर वस्तीत सापडतात. तिथले गोठे, शौचालयांच्या टाक्या, बंधारे आणि रस्त्यांखालच्या मोऱ्या नकाशावर टिपा. छपरं, डांबर आणि काँक्रीटने किती टक्के जमीन झाकली आहे तेही काढा. हे प्रमाण साधारण १० टक्क्यांच्या पुढे गेलं की ओढे बिघडलेले दिसू लागतात.

ठिकाणं कमी निवडा, पण नेमकी निवडा. ओढा उद्यानात शिरतो तिथे एक हवंच. दुसरं भरतीचं पाणी जिथवर चढतं त्याच्या थोडं वर, मग खाडीच्या मध्यावर आणि मुखाशी. पहिलं ठिकाण गाळलं तर प्रदूषण बाहेरून आलं की आत तयार झालं, हे पुढे कधीच सांगता येत नाही.

नमुना घ्याल तिथे प्रवाहही मोजा. नुसतं प्रयोगशाळेतलं प्रमाण फसवतं. समजा, हद्दीवर नायट्रेट-नायट्रोजन (नायट्रेटच्या रूपातलं नायट्रोजन) लिटरला २ मिलिग्रॅम आहे आणि प्रवाह सेकंदाला ४० लिटर. खाली भरतीरेषेच्या वर तेच १.२ मिलिग्रॅम आहे, पण प्रवाह ९० लिटर. आकडा उतरला म्हणून पाणी सुधारलं असं वाटेल. गुणाकार करा: वर सेकंदाला ८० मिलिग्रॅम, खाली १०८. म्हणजे दिवसाला ६.९ किलोचे ९.३ किलो झाले. मधे मिळालेल्या ५० लिटर पाण्यात सरासरी ०.५६ मिलिग्रॅम नायट्रोजन आहे. उद्यानातले निर्मळ झरे ०.१ दाखवत असतील, तर दोन ठिकाणांच्या मधे काहीतरी झिरपतंय. काठाकाठाने चालत जाऊन ते शोधा.

प्रवाहमापक नसेल तर दहा मीटरचा सरळ पट्टा निवडा आणि लाकडाचा तुकडा सोडून वेळ मोजा. पृष्ठभागावरचं पाणी खालच्यापेक्षा जोरात धावतं, म्हणून आलेल्या वेगाला ०.८५ ने गुणा आणि मग ओढ्याच्या आडव्या छेदाच्या क्षेत्रफळाने (रुंदी गुणिले सरासरी खोली). हा अंदाजच असतो. पद्धत दर वेळी तीच ठेवा.

खाडीत उतरलात की नियम बदलतात. गोडं पाणी हलकं असल्याने वर तरंगतं आणि खारं तळाशी सरकतं. दोन्ही नीट मिसळले नाहीत, तर तळाच्या पाण्याला हवा मिळत नाही. म्हणून क्षारता, तापमान आणि विरघळलेला ऑक्सिजन वर आणि तळाशी, दोन्हीकडे मोजा. तळापासून अर्धा मीटर वर थांबा. गाळ ढवळला गेला की आकडा बिघडतो. प्रत्येक नोंदीबरोबर भरती आहे की ओहोटी, घड्याळातली वेळ आणि गेल्या तीन दिवसांतला पाऊस लिहा. हे नसेल तर दोन महिन्यांच्या आकड्यांची तुलना करण्यात अर्थ नाही.

ऑक्सिजनची खरी परीक्षा पहाटे. दुपारी शेवाळ ऑक्सिजन सोडतं, रात्रभर सगळेच जीव तो वापरतात, म्हणून तो सर्वात कमी असतो सूर्योदयाच्या आधी. फक्त दुपारी मोजणाऱ्याला खाडी ठणठणीत वाटते. लिटरला ५ मिलिग्रॅमच्या वर बहुतेक मासे निर्धास्त असतात. २ च्या खाली पळू शकणारे पळतात, शिंपले-कालवं अडकतात. मापकात क्षारतेची दुरुस्ती चालू आहे ना, हे आधी बघा. २५ अंश सेल्सिअसला गोड्या पाण्यात साधारण ८.३ मिलिग्रॅम मावतो, समुद्राच्या पाण्यात ६.७ च्या आसपास. दुरुस्ती शून्यावर राहिली तर खाऱ्या पाण्यातला आकडा पाचव्या हिश्शाहून जास्त फुगतो.

मैलापाण्यासाठी खाऱ्या पाण्यात एंटेरोकॉकस (आतड्यांत राहणारे) जिवाणू मोजा, कारण तसेच ई. कोलाय खाऱ्या पाण्यात लवकर मरतात. बाटली निर्जंतुक हवी, बर्फात ठेवलेली हवी आणि सहा तासांत प्रयोगशाळेत पोचायला हवी. कोरड्या दिवसांतही संख्या चढी राहिली तर गळकी टाकी किंवा वाहिनी शोधा. फक्त पावसानंतर चढत असेल तर ती जमिनीवरून धुऊन आलेली घाण, त्यात जनावरांचं शेणही आलं. मोसमातल्या पहिल्या मोठ्या पावसाचं पाणी वेगळं घ्या, कारण साचलेली घाण त्यातच सर्वाधिक येते.

नायट्रेट-फॉस्फेटचे नमुने ०.४५ मायक्रॉनच्या गाळणीतून जागेवरच गाळा आणि गोठवा. फॉस्फेट असलेल्या साबणाने बाटल्या धुऊ नका. दहा नमुन्यांमागे एक जोडनमुना (त्याच जागी, त्याच वेळी घेतलेला दुसरा नमुना) आणि दर फेरीला शुद्ध पाण्याची एक कोरी बाटली ठेवा. कोऱ्या बाटलीत फॉस्फेट निघालं तर त्या फेरीचे फॉस्फेटचे आकडे वापरू नका.

रसायनं त्या दिवसाचं सांगतात, जीव मागच्या काही महिन्यांचं. भरतीच्या वरच्या ओढ्यात दगड उलटून मेफ्लाय, स्टोनफ्लाय आणि कॅडिसफ्लाय या स्वच्छ पाण्यात वाढणाऱ्या कीटकांच्या अळ्या बघा. फक्त मिज (डासासारखी बारीक माशी) च्या अळ्या आणि गांडुळवर्गीय उरले असतील, तर काळजीचं आहे. मोऱ्याही बघा: खालच्या टोकाला पाणी धबधब्यासारखं पडत असेल तर वर चढणारे मासे तिथेच थांबतात. खाडीत समुद्री गवत कुठल्या खोलीपर्यंत उगवतं ते दरवर्षी त्याच रेषेवर मोजा. ती खोली कमी होत गेली तर पाणी गढूळ होत चाललंय.

अहवालात प्रत्येक उपपाणलोटासमोर प्रत्येक निर्देशक मांडा आणि चारच शेरे वापरा: समस्या आहे, समस्येची शक्यता आहे, ठीक, माहिती अपुरी. शेवटचे दोन कधीही एकत्र करू नका. पुढच्या वर्षीच्या फेऱ्या ‘माहिती अपुरी’ लिहिलेल्या जागांपासूनच ठरवायच्या असतात.