केनियाला फुटबॉलची मिशन टीम नेताय? या चुका टाळा

आमच्या मंडळीचा, म्हणजे चर्चचा, तरुण संघ घेऊन मी तीनदा केनियाला जाऊन आलोय. सकाळी मुलांचं फुटबॉल शिबिर, दुपारी सामना, संध्याकाळी साक्ष (म्हणजे देवाचा आपल्याला आलेला अनुभव सांगणं) आणि प्रार्थना, असा बारा दिवसांचा कार्यक्रम. आता जानेवारी उजाडला की कुठल्या ना कुठल्या मंडळीतून फोन येतो, "सर, ऑगस्टमध्ये जायचं ठरवलंय, काही टिप्स द्या ना." टिप्स देतो. ऑगस्टमध्ये परत त्यांचाच फोन येतो, विमानतळावरून.

यलो फिव्हर म्हणजे कावीळ नव्हे

केनियाहून परत येताना आपलं सरकार यलो फिव्हरच्या, म्हणजे पीतज्वराच्या लसीचं प्रमाणपत्र मागतं. नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. म्हणून जातानाच काउंटरवर ते बघून अडवू शकतात. ही लस गल्लीतल्या डॉक्टरांकडे मिळत नाही. सरकारने नेमून दिलेल्या केंद्रातच मिळते, तिथे आधी नोंदणी करावी लागते आणि रोज टोचतीलच असं नाही. टोचल्यावर दहा दिवसांनी प्रमाणपत्र लागू होतं. एकदा घेतली की जन्मभर चालते, २०१६पासून नियमच तसा आहे. अंड्याची अ‍ॅलर्जी असेल तर आधी डॉक्टरांशी बोला.

दुसऱ्या दौऱ्याच्या वेळी आमच्या गोलकीपरचे वडील म्हणाले, "अहो सर, त्याचे तिन्ही डोस लहानपणीच झालेत." मी मान डोलावली. निघायच्या चार दिवस आधी सगळ्यांचे कागद जेवणाच्या टेबलावर मांडून बसलो, तेव्हा त्याचं कार्ड उघडलं. हिपॅटायटिस बी. वडिलांनी 'यलो' ऐकलं, डोक्यात कावीळ आली आणि काविळीचं कार्ड पाठवलं. त्यांची तरी काय चूक? चूक माझी. तोंडी सांगितलेलं मी खरं धरलं.

दुसऱ्या दिवशी धावपळ करून लस मिळाली. तीन दिवसांनी चेक-इनच्या काउंटरवरच्या बाईंनी प्रमाणपत्राच्या पिवळ्या पुस्तिकेतली तारीख वाचली, बोटांवर दिवस मोजले आणि पोराला बाजूला उभं केलं. सहा फुटी पोरगा, गळ्यात ग्लोव्हज अडकवलेले, आम्हाला हात हलवत होता. पश्चिम केनियातल्या एल्डोरेट शहरात पहिल्या सामन्यात आमचा लेफ्ट बॅक गोलमध्ये उभा राहिला आणि सात गोल खाल्ले. कीपर पोचला तेव्हा दोनच सामने उरले होते. तिकीट बदलायला जे पैसे गेले त्यात बुटांचे किती जोड आले असते, तो हिशेब मी वहीत लिहूनच ठेवलाय.

आता माझ्याकडे एकच पद्धत आहे. पुस्तिका हातात दिल्याशिवाय तिकिटाचे पैसे घेत नाही. पुस्तिकेवरचं नाव आणि पासपोर्ट क्रमांक पासपोर्टशी ताडून बघतो. "न टोचता कार्ड बनवून देतो" म्हणणारे एजंटही भेटतात. सुवार्ता सांगायला निघालात आणि खिशात खोटा कागद? असा कागद आणणाऱ्याला मी संघातूनच काढतो, मग तो कितीही चांगला स्ट्रायकर असो.

बाकीचे कागद

जानेवारी २०२४पासून केनियाचा व्हिसा गेला, त्याजागी ई-टीए, म्हणजे प्रवासाची ऑनलाइन परवानगी, आली. 'व्हिसा नाही' एवढंच ऐकून काही जण तसेच निघतात. अर्ज ऑनलाइन आणि आधीच करायचा असतो. जाण्याचं खरं कारण लिहा, यजमान मंडळीचं निमंत्रणपत्र जोडा.

आडनावात वरचा स्वल्प (अपॉस्ट्रॉफी) असणाऱ्यांनी, म्हणजे वसईच्या आमच्या डि'सोझा-डि'मेलो मंडळींनी, तिकिटावर नाव कसं टाकायचं ते पासपोर्टच्या फोटोच्या पानावरच्या खालच्या दोन ओळींवरून ठरवावं. तिथे तो स्वल्प गळलेला असतो.

अठराखालचा खेळाडू असेल तर आईवडिलांचं नोटरी केलेलं संमतीपत्र लागेलच असं धरून चाला.

प्लास्टिकच्या पिशव्या

आपल्या आया प्रत्येक बुटाला एक, ओल्या मोज्यांना एक, चिवड्याला दोन अशा पिशव्या घालतात. केनियात २८ ऑगस्ट २०१७पासून कॅरी बॅगांवर बंदी आहे, आणि ती आपल्याकडच्या २०१८च्या बंदीसारखी 'पाळत' नाहीत, खरंच पाळतात. जुन्या चादरीच्या पिशव्या शिवून घ्या.

उतरल्या उतरल्या सामना

एल्डोरेट समुद्रसपाटीपासून सुमारे २,१०० मीटरवर आहे. आपलं कळसूबाई १,६४६. म्हणजे तुम्ही कळसूबाईच्या माथ्याहून साडेचारशे मीटर वर नव्वद मिनिटं पळणार आहात, समोर तिथंच जन्मलेली पोरं. पुण्यातल्या मैदानावर न दमणारे आमचे मिडफिल्डर विसाव्या मिनिटाला कमरेवर हात ठेवून उभे होते. पहिले दोन दिवस नुसतं चाला, भरपूर पाणी प्या, मुलांचं शिबिर हलकं ठेवा. सामना तिसऱ्या-चौथ्या दिवशी.

पण नव्यांना कुठे धीर असतो! त्यांना पहिल्याच सकाळी इटेनला, धावपटूंच्या त्या प्रसिद्ध गावात, जाऊन धावायचं असतं. इटेन आणखी वर, सुमारे २,४०० मीटरवर. तिथे ब्रदर कोल्म ओ'कॉनेल हे आयरिश मिशनरी १९७६मध्ये सेंट पॅट्रिक्स शाळेत शिकवायला आले आणि तिथलेच झाले. अ‍ॅथलेटिक्सचं प्रशिक्षण त्यांना येत नव्हतं, ते तिथेच शिकले. त्यांच्या हाताखालच्या डेव्हिड रुडिशाने २०१२च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ८०० मीटर १:४०.९१मध्ये धावून जागतिक विक्रम केला. ब्रदर कोल्म तिथे आले त्याला तोवर छत्तीस वर्षं झाली होती. आमच्या पोरांना बारा दिवसांत सगळं बदलून यायचं असतं.

बूट काढून देणं

ही चूक मला सगळ्यात जास्त डाचते, कारण करणाऱ्याचं मन चांगलं असतं.

पहिल्या दौऱ्यात एका गावातला सामना संपला आणि आमच्या कॅप्टनने पायातले बूट काढून एका अनवाणी मुलाला दिले. टाळ्या, फोटो, दोघांच्या डोळ्यांत पाणी. फोटो त्याच रात्री पुण्यातल्या प्रत्येक ग्रुपवर फिरला. "देव महान आहे" असे पन्नासेक मेसेज.

दुसऱ्या दिवशी मैदानावर दुप्पट मुलं, सगळ्यांची नजर आमच्या पायांकडे. शिबिरात कुणाचं लक्ष नाही. बूटवाला मुलगा आलाच नाही, मोठ्या मुलांनी त्याला वाटेत गाठलं होतं. तिथले कोच शाळेत शिक्षक होते, सगळे त्यांना म्वालिमू म्हणायचे. त्यांनी मला बाजूला घेऊन एक वही दाखवली. वर्षभराच्या सरावाची हजेरी. ज्याची हजेरी सर्वात जास्त, त्याला वर्षअखेरीस बूट, असा त्यांचा नियम. तो मुलगा दोनच आठवड्यांपूर्वी यायला लागला होता. म्वालिमू रागावले नाहीत. म्हणाले, "तुम्ही शनिवारी जाल. सोमवारी सराव मला घ्यायचाय."

त्यानंतर मी काय करतो ते सांगतो. निघायच्या दोन महिने आधी कोचना विचारतो, काय हवं, कोणत्या मापाचं. बहुतेक वेळा बूट मागतच नाहीत. चेंडू, बिब (संघ ओळखायला जर्सीवर घालतात ती बंडी), शिट्ट्या, पंप मागतात. सगळं एका बॅगेत, शेवटच्या संध्याकाळी त्यांच्या घरी देतो. फोटो नाही. कुणी खेळाडू कुरकुरतो, "मग साक्षीला काय दाखवू?" असं विचारतो. त्याला मी उत्तर देत नाही.

किरकोळ, पण दर वेळी होणाऱ्या

समोरची मुलं अनवाणी असतील तर तुमचे स्टड काढा. हे मला सांगावं लागतं याचीच लाज वाटते.

हाफटाइमची साक्ष तीन मिनिटांची ठेवा. स्वाहिली भाषांतर धरून सहा होतात, आणि पावसात भिजणाऱ्या मुलांना सातव्या मिनिटाला काही ऐकू येत नाही. एल्डोरेटकडे ऑगस्टमध्येही पाऊस असतो.

वेळ विचारताना जपून. स्वाहिलीत तास उजाडल्यापासून मोजतात. 'सा ताटू' म्हणजे शब्दशः तीन, पण घड्याळात सकाळचे नऊ. आम्ही एकदा दुपारी तीनला मैदानावर पोचलो. म्वालिमू आणि मुलं नऊपासून बसून होती, आणि आम्हाला बघून टाळ्या वाजवल्या. ते जास्त लागलं.

कुणी "ब्वाना आसिफिवे" म्हणालं की "आमेन" म्हणा, आपल्या "जय ख्रिस्त"सारखंच आहे. गप्प राहून हसू नका.

चेंडू हवा काढून न्या. आणि पंपाची सुई! चौदा चेंडू, दोन पंप आणि सुई एकही नाही, असा संघ मी पाहिलाय. सुया चेक-इनच्या सामानात टाका, वेगवेगळ्या तीन बॅगांत. एक हरवते, एक वाकते, तिसरी म्वालिमूंना देऊन या.