घोडा हातात जड का होतो? स्वारीचा घोडा घडवताना या चुका टाळा

लगाम ओढला की मान वर, सोडला की पळ. वळवायला जावं तर मान वळते आणि अंग सरळच जातं. टाचा मारून स्वार थकतो, घोडा मात्र चार पावलं जोरात टाकून पुन्हा रेंगाळतो. या तक्रारी वेगवेगळ्या वाटतात, पण बहुतेक वेळा मूळ एकच असतं. घोडा सगळा भार पुढच्या पायांवर टाकून चालतो आणि स्वार त्याला लगामाने सावरू पाहतो. उभ्या घोड्याच्या वजनाचा सुमारे ६० टक्के भाग मुळातच पुढच्या पायांवर असतो, आणि पाठीवर बसलेल्या माणसाचं बरंचसं वजनही तिकडेच जातं. हा भार मागे घेणं मागच्या पायांचं काम आहे. तोंडातल्या लोखंडाला ते कधीच जमत नाही.

दुखणं न तपासता शिकवायला घेणं

घोडा 'अडेल' आहे असं ठरवण्याआधी त्याची पाठ तपासा. कण्यापासून चार बोटं बाजूला, खांद्यामागून कमरेपर्यंत बोटांच्या टोकांनी सावकाश दाबत जा. एखाद्या जागी तो पाठ खाली टाकत असेल, कान मागे नेत असेल किंवा शेपूट झटकत असेल, तर खोगीर त्या जागी टोचतंय असं समजा. दात वर्षातून एकदा पशुवैद्याला दाखवा. पाच वर्षांखालच्या घोड्याचे दुधाचे दात पडत असतात, म्हणून त्याचे सहा महिन्यांनी दाखवा. डोकं झटकणारा तरुण घोडा पुष्कळदा फक्त दाताने हैराण असतो. नालबंदाची फेरी सहा ते आठ आठवड्यांनी झालीच पाहिजे, कारण पुढे वाढलेल्या खुरांचा घोडा अडखळतो आणि आपण त्याला आळशी म्हणतो. नाकपट्टीखाली, नाकाच्या हाडावर, दोन बोटं सहज गेली पाहिजेत.

वजनाचा हिशेबही करा. स्वार आणि सामान मिळून घोड्याच्या वजनाच्या १५ ते २० टक्क्यांच्या आत राहावं. ३५० किलोच्या घोड्याला याचा अर्थ जास्तीत जास्त ७० किलो, खोगिरासकट. तरुण किंवा अशक्त घोड्याला त्याहून कमीच.

मान बांधून 'कमान' आणणं

आपल्याकडे सगळ्यात जास्त नुकसान या चुकीने होतं. मारवाडी आणि काठेवाडी घोड्यांची मान मुळातच उंच बसलेली असते. सारंगखेड्यासारख्या बाजारातून आलेले अनेक घोडे आधी नाचकामासाठी तयार केलेले असतात: डोकं उंच, पाठ खोल (खाली दबलेली), पुढचे पाय उचललेले. स्वारीत हाच साचा आड येतो. पाठ खोल गेली की मागचे पाय पोटाखाली येऊ शकत नाहीत. मग घोड्याचं डोकं खाली यावं म्हणून कडक लगाम घातला जातो किंवा मान दोऱ्यांनी छातीशी बांधली जाते. नाक छातीकडे येतं, लांबून चित्र छान दिसतं, पण पाठ होती तशीच खोल राहते. घोडा फक्त तोंडातल्या वेदनेपासून मागे सरकलेला असतो. काटेरी लगाम तर घरात ठेवूच नका. ओझ्याच्या आणि ओढकामाच्या जनावरांसाठीच्या १९६५ च्या नियमांतही त्याला मनाई आहे, आणि स्वारीच्या घोड्याला तो लावण्याचं एकही कारण नाही.

उपाय उलट दिशेचा आहे. तोंडात साधा, गुळगुळीत, मधोमध जोड असलेला लोखंडी लगाम घाला. तो ओठांच्या कडांबाहेर दोन्हीकडे सुमारे ५ मिलिमीटर दिसावा. पहिले सहा-आठ आठवडे घोड्याला मान लांब आणि खाली सोडून चालायला शिकवा. सुरुवात जमिनीवरून करा. साधारण ८ मीटरच्या दोरीवर मोठा कावा द्या, म्हणजे स्वतः मध्ये उभं राहून त्याला वर्तुळात फिरवा, दर तीन-चार मिनिटांनी दिशा बदला आणि १५ ते २० मिनिटांत थांबा. लहान वर्तुळात अर्धा तास पळवल्याने घोडा शांत होत नाही. सांध्यांवर ताण येतो आणि दमसास मात्र वाढत जातो.

जमिनीवर आडवे ठेवलेले बांबू या कामात फार उपयोगी पडतात. कदमचालीसाठी, म्हणजे साध्या चालण्यासाठी, त्यांच्यात ८० ते ९० सेंटिमीटर अंतर ठेवा, दुडकीसाठी, म्हणजे हलक्या धावेसाठी, १.२ ते १.३ मीटर. पहिल्या दिवशी एकच बांबू, मग तीन, मग चार. बांबू पाहायला घोडा मान खाली करतो, पाय उचलायला पाठ वर घेतो. आपल्याला नेमकं हेच हवं असतं. पाय बांबूवर आपटत असतील तर अंतर घोड्याच्या ढांगेप्रमाणे ५-१० सेंटिमीटरने बदला. बांबू गोल असतील तर ते घरंगळू नयेत म्हणून दोन्ही टोकांना विटा लावा. घोडा घाईने उडी मारून जात असेल, तर पुन्हा एका बांबूवर या.

रेवाल या जलद, न उसळणाऱ्या चालीच्या घोड्याला दुडकी नीट येत नसेल तर त्याला रागावू नका. रेवालमध्ये चार ठोके असतात आणि दुडकीत दोन, तिरक्या जोड्यांचे. पायांचा आवाज ऐका. ठोके मिसळत असतील तर वेग कमी करा, कदमचालीवर या आणि बांबूंवरून दुडकी मागा.

सतत टाच मारत राहणं

प्रत्येक ढांगेला टाच लागली की घोड्याला ती नेहमीचीच वाटू लागते. त्याला जोर कळत नाही, सुटका कळते: दाब कधी थांबला, त्या क्षणी तो काय करत होता, हेच तो शिकतो. म्हणून क्रम पक्का ठेवा.

१. पोटरीचा हलका दाब, अगदी श्वासाइतका.
२. एका सेकंदात उत्तर नाही? थोडा जास्त दाब.
३. तरीही नाही? पायाच्या मागे छडीचा एक टपका. लगाम मात्र पूर्ण मोकळा.
४. घोडा पुढे निघाला की त्याच क्षणी पाय शांत.
५. पुन्हा पायरी १ पासून विचारा.

पाचवी पायरी लोक सोडतात, आणि घोडा कायमचा छडीवर अवलंबून राहतो. दुसरी चूक त्याहून वाईट: पायाने 'चल' आणि हाताने 'थांब' एकाच वेळी सांगणं. छडी लागल्यावर घोडा दचकून जोरात निघाला, तरी लगाम ओढू नका. उत्तर दिल्याबद्दल शिक्षा मिळाली की तो पुढच्या वेळी उत्तरच देणार नाही.

वर्तुळ आतल्या लगामाने काढणं

२० मीटर व्यासाचं वर्तुळ अंदाजाने काढू नका. मधोमध खुंटा ठोका, १० मीटर दोरी ताणा आणि चार ठिकाणी डबे ठेवा. अशा वर्तुळाचा घेर साधारण ६३ मीटर होतो. दुडकीत एक फेरी १७ ते २० सेकंदांत व्हावी. घड्याळ लावा. एक फेरी १६ आणि पुढची २१ सेकंदांत होत असेल तर लय अजून बसलेली नाही, आणि लयीशिवाय पुढचं काहीही शिकवण्यात अर्थ नाही.

आतला, म्हणजे वर्तुळाच्या मध्याकडचा, लगाम ओढला की मान दुमडते आणि बाहेरचा खांदा निसटतो. वरून पाहताना आतल्या डोळ्याची कड आणि नाकपुडीची किनार दिसली की वाक पुरेसा झाला. अख्खा डोळा दिसत असेल तर हात सैल करा. घोडा बाहेर घसरत असेल तर बाहेरचा लगाम आणि बाहेरची पोटरी जवळ आणा. आत पडत असेल तर आतली पोटरी तंगाजवळ (खोगिराच्या पोटपट्ट्याजवळ) लावा. आतला लगाम मानेवरून पलीकडे नेऊ नका.

हाफ-हॉल्ट म्हणजे लगाम धरून ठेवणं, हा समज

हाफ-हॉल्ट ही घोड्याने क्षणभर तोल मागे घ्यावा म्हणून दिलेली एका ढांगेची सूचना आहे. कंबर ताठ, मांड्या किंचित आवळलेल्या, पोटऱ्या अंगाला लागलेल्या. बाहेरच्या हाताची बोटं ओला स्पंज पिळावा तशी मिटायची, आणि पुढच्याच ढांगेला उघडायची. उघडणं राहून गेलं तर ते ओढणं होतं आणि घोडा लगामावर भार टाकून टेकतो. टेकायला त्याला समोर दुसरं कुणी हवं असतं, म्हणून टेकू काढून घ्या: दोन ढांगा दोन्ही हात मानेवर ७-८ सेंटिमीटर पुढे सोडा. घोडा त्याच वेगात, त्याच वळणावर राहिला तर तोल त्याचा स्वतःचा आहे. वेग वाढला तर तो तुमच्या हातावर उभा होता.

चालबदलांनी हे लवकर सुधारतं. दुडकीच्या १०-१२ ढांगा, मग कदमचालीची ४-५ पावलं, पुन्हा दुडकी. असे आठ-दहा बदल करून लगाम लांब सोडून विश्रांती द्या.

एका बाजूचा कडकपणा फक्त घोड्याचा मानणं

प्रत्येक घोडा थोडा वाकडा असतो, पण स्वारही असतो. मागून कुणाला तरी व्हिडिओ काढायला सांगा. खोगीर एका बाजूला सरकलंय का, एक खांदा खाली आहे का, रिकिबी सारख्या आहेत का, ते पाहा. दुडकीत तालावर उठ-बस करताना दिशा बदलली की घोड्याच्या ज्या पायाच्या ठोक्याला बसता तो पायही बदला, नाहीतर एकाच बाजूचे स्नायू राबतात. कडक बाजूला जास्त काम देऊन ती मोकळी होत नाही, चिडचिड वाढते. तिकडे फेऱ्या कमी ठेवा, पण मध्येमध्ये पुन्हा या.

कँटरची घाई

दुडकी वेगवान करत करत घोड्याला कँटरमध्ये, म्हणजे दुडकीच्या पुढच्या धावचालीत, ढकलणं ही शेवटची मोठी चूक. घोडा आधीच पुढे कोसळत असतो, त्यामुळे चुकीच्या पायावर निघतो, म्हणजे आतल्याऐवजी बाहेरचा पुढचा पाय पुढे टाकतो. दुडकी संथ करा, कोपऱ्यात हाफ-हॉल्ट द्या, आतली पोटरी तंगाजवळ आणि बाहेरची साधारण १० सेंटिमीटर मागे ठेवून मागा. चुकीचा पाय आला तर ओरडू नका. शांतपणे दुडकीवर आणा, लय बसू द्या, त्याच कोपऱ्यात पुन्हा विचारा. सहा-आठ ढांगा नीट आल्या की थांबवा. नवशिक्या घोड्याला त्या दिवसासाठी दोन्ही बाजूंना मिळून एवढं कँटर पुरे, आणि उरलेली दहा मिनिटं लांब लगामावर कदमचाल.